शेजारच्या तुकडीच्या बाई

‘‘मला काय विचारतोस? हात लावून बघ की!’’

भिंतीपलीकडून बाईंचं हे वाक्य आलं, की माझ्या वर्गातली निम्मी पोरं माना वळवायची. सहावी ‘अ’ माझी, ‘ब’ त्यांची. विज्ञान दोघींकडेही. त्या बिद्रीहून स्कूटीवर यायच्या आणि हँडलला पिशवी असायची, कधी बर्फाची, कधी फुग्यांची, कधी काकवीची. मी फळ्यावर स्थायू, द्रव, वायू असे तीन रकाने आखत असताना पलीकडे तिरक्या ताटात पाणी आणि काकवीची शर्यत लागलेली असायची. पोरं पाण्याच्या बाजूनं ओरडायची, बाई एकट्याच काकवीच्या बाजूनं.

एकदा काकवी बाकांवर सांडली, मुंग्या झाल्या आणि शिपाईमामांनी बाईंना चांगलंच ऐकवलं. त्या दिवशी मला डबा फार गोड लागला. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?

जळायला कारण होतं. माझी लेक त्यांच्या वर्गात होती. आईच्याच हाताखाली नको, म्हणून मीच तिला ‘ब’मध्ये घातलेलं. जेवताना तिची बडबड थांबायची नाही आणि दर दोन घासांमागे ‘आमच्या बाई’. एकदा तर तिनं तांदळाचा डबाच परातीत ओतला.

‘‘मम्मे, तांदूळ पण पाण्यागत ओतता येतोय. मग द्रव व्हय?’’

‘‘स्थायू,’’ मी म्हटलं.

‘‘आगं, सांगू नको की! बाईंनी एकेक दाणा बघून या म्हटलंय.’’

ती दाणा चिमटीत दाबत बसली. इतकी वर्षं मी हेच शिकवतेय, पण माझ्या शब्दासाठी कुणी ताटावरून उठलं नव्हतं.

बाई मात्र मनानं निर्मळ. मधल्या सुट्टीत म्हणायच्या, ‘‘मॅडम, या की एकदा माझ्या तासाला. तुमची लेक लई डोकं खाती, मज्जा येती.’’ मी ‘बघू’ म्हणायची. गेले कधीच नाही.

दिवाळीनंतर त्यांची गडहिंग्लजला बदली झाली. निरोपाला पोरं रडली. माझी तर त्यांचा हात सोडेना. दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या आणि मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पहिल्याच तासाला मी बर्फ नेला, फुगे नेले. लेक हाताची घडी घालून शहाण्यासारखी बसली होती.

जेवताना मी विचारलं, ‘‘काय गं, आज शाळेत काय झालं?’’

‘‘तू होतीस की तिथं.’’

एवढं बोलून ती खाली मान घालून जेवली. इतकं गुपचूप जेवण आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मला त्या बाईंचा भयंकर राग आला. मग मीच त्यांना फोन लावला आणि लेकीच्या हातात दिला.

मी भांडी घासायला आत गेले. बाहेर ती खिदळत होती, बोलत होती, मध्येच ओरडत होती. नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बारीक केला.