कुत्तेवाली मॅडम

गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोर मॅडम जांभई देत. खरीखुरी, डोळ्यांत पाणी आणणारी. समोरचं जनावर दात दाखवतंय, मालक पट्टा ओढून मागे रेललाय, आणि या बाई त्याच्याकडे खांदा करून, नजर भलतीकडे लावून सावकाश जांभई देतायत. नव्या माणसाला वाटे, बाईंना कामात रस नाही. पण थोड्या वेळाने कुत्र्याचं गुरगुरणं उतरे आणि तो जमीन हुंगायला लागे. "मला भांडायचं नाहीये, हे त्यांच्या भाषेत असंच सांगतात," त्या म्हणत. मग जरा थांबून, "आणि तसंही, मी खरंच थकलेली असते."

जुनी इंदूर भागात त्यांना सगळे 'कुत्तेवाली मॅडम' म्हणत. कुत्र्यांना वळण लावणं हा त्यांचा धंदा. त्याआधी बरीच वर्षं त्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे फरशीचं छोटं अंगण. आजोबा संस्थानच्या फौजेत घोडे सांभाळायचे. "आमच्या घराण्यातले घोडे गेले, कुत्रे उरले," असं त्या सांगत. त्यात अभिमान नसे आणि खंतही नसे.

माझी त्यांची गाठ शेरूमुळे पडली. मी सांवेर रोडवर यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. तिथल्या गोदामामागे सापडलेलं एक पिल्लू मी घरी आणलं. घरात मी आणि बाबा, दोघंच. पिल्लू सगळ्यालाच घाबरायचं. सकाळी कचरा गाडी तिचं गाणं वाजवत गल्लीत शिरली, की ते पलंगाखाली जाऊन थरथरत बसे. कुणीतरी मॅडमचा नंबर दिला. मी हिंदीत बोलत होते, तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "अगं, त्याने पुन्हा चादर ओली केली."

फोनवरून आवाज आला, "मराठी आहात होय? मग आधी सांगायचं ना. मी उगीच हिंदीत दमून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. शेरूला मांडीवर घेऊन नाक्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. कचरा गाडी लांबून ऐकू आली तसा त्यांनी चिकनचा बारीक तुकडा त्याच्यापुढे धरला. गाडी जवळ येत गेली, तुकडे मिळत राहिले. गाडी गेली, तुकडे बंद. एवढंच. हेच आम्ही रोज केलं. कधी स्कूटरसाठी, कधी बँडसाठी, कधी हेल्मेट घातलेल्या माणसासाठी. पिल्लाने लहानपणीच जग बघून घेतलं पाहिजे, पण आपल्या मांडीवरून, असं त्यांचं म्हणणं. पावसाळा संपेपर्यंत शेरू कचरा गाडीची वाट बघायला लागला होता.

बाबांना हे लाड वाटत. कुत्रा हुकमात राहिला पाहिजे, असं त्यांचं मत, आणि ते दिवसभर "बैठ, बैठ, अरे बैठ ना, बैठ" करत. मॅडमनी ते थोडा वेळ ऐकून घेतलं.

"काका, त्याला वाटतंय की हुकुमाचं पूर्ण नावच 'बैठ बैठ अरे बैठ ना बैठ' आहे. म्हणून तो बिचारा शेवटपर्यंत थांबतो. एकदाच म्हणा, आणि गप्प बसा."

"आणि नाही बसला तर?"

"तर तुम्ही बसा. खुर्ची आहे ना मागे."

बाबा हसले नाहीत, पण त्या दिवसापासून एकदाच म्हणायला लागले.

रविवारी सकाळी मैदानात त्यांचा वर्ग असे. तिथे त्या शब्द फार कमी वापरत. तळहात पुढे केला की थांब, वर उचलला की बस, मांडीवर थापटला की ये. शब्द लोक रागावून वापरतात, हाताला एवढा राग येत नाही, असं त्या सांगत. कुत्री त्यांच्या हाताकडे डोळे लावून असत. माणसांचं मात्र वेगळं. प्रत्येक नवा माणूस तेच विचारी, "मॅडम, कितने दिन में सीख जाएगा?" त्या तितक्याच शांतपणे, इंदुरी थाटात म्हणत, "भिया, वो तो सीख जाएगा. आप बताओ, आपको कितने दिन लगेंगे?" वर्ग संपला की त्या स्कूटरवर बसत, हेल्मेट चढवत, आणि गाडी चालू न करता तशाच बसून राहत. एकदा मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "काही नाही गं. घरी जायला लागणारं बळ येऊन राहिलंय, त्याची वाट बघते."

सांवेर रोडवरच्या एका गोदाममालकाने त्यांना एकदा बोलावलं. माझ्या कारखान्याच्या ओळखीतलं काम होतं, म्हणून मीही बरोबर होते. ब्रूनो नावाचा जर्मन शेफर्ड फाटकापाशी साखळीला बांधलेला. तो आणखी खूंखार व्हावा, अशी मालकाची इच्छा. मॅडम म्हणाल्या, "काटना सिखाना नहीं पड़ता, सेठजी. रुकना सिखाना पड़ता है. इसको दिन में दो बार खोलो, घुमाओ." मालकाने मान डोलावली आणि काहीच केलं नाही. काही महिन्यांनी ब्रूनोने तिथल्याच एका हमालाचा दंड फाडला. मालकाने मॅडमना फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे, कळवण्यासाठी, की उद्या त्याला गाडीत घालून हातोद गावाच्या पलीकडे सोडून देतोय. मॅडम त्याच दुपारी टेम्पो करून गेल्या आणि त्याला घरी घेऊन आल्या. मी संध्याकाळी गेले, तर ब्रूनो अंगणाच्या एका कोपऱ्यात आणि मॅडम दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, डोळे मिटून.

"काय करताय?"

"काही नाही. आम्ही दोघं आराम करतोय. त्याला पुष्कळ दिवसांत कुणी करू दिला नाही."

त्याला माणसात आणायला वर्ष गेलं. आधी तोंडाला जाळी, मग रिकामा रस्ता, मग गर्दीचा. त्या एकट्या असत्या तर कदाचित एवढ्या चिकाटीने कुठे गेल्याही नसत्या. ब्रूनोसाठी मात्र रोज पहाटे निघत. तो त्यांच्या हाताकडे बघत चाले, जणू हात सोडून दुसरं काही बघायचंच नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मैदानात कुत्री ओळीने बसली होती. मॅडमनी 'थांब'चा तळहात पुढे केला. शेरू उठला. पुन्हा बसला. पुन्हा अर्धवट उठला आणि माझ्याकडे बघायला लागला. शेजारचा लॅब्रेडॉरही तसंच करत होता. मालक आपापल्या कुत्र्यांना दटावायला लागले. मॅडम स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. तो हात बारीक, अगदी बारीक हलत होता. आम्हा माणसांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी हात कुर्त्याच्या खिशात घातला आणि उरलेला वर्ग तोंडाने घेतला.

डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं ते बऱ्याच तपासण्यांनंतर. मॅडमना ते मैदानातच कळलं होतं. "कुत्र्यांना मीच शिकवलं, हाताकडे बघा म्हणून," त्या मला म्हणाल्या. "आता ते बघून राहिलेत. त्यांचं काय चुकलं?"

पुढे एकेक काम सुटत गेलं. लोकांनी थोडे दिवस चौकशी केली, मग दुसरा शिकवणारा शोधला. मॅडमना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट रविवारी उशिरापर्यंत झोपायला मिळतं म्हणाल्या. अडचण ब्रूनोची होती. हात खुणा करतोय पण काय सांगतोय ते कळत नाही, म्हणून तो बेचैन असे, त्यांच्याभोवती घिरट्या घाली. एकदा रस्त्यात त्याने ओढलं आणि त्या पडल्या. त्यांचा भाचा भोपाळला असतो, तो धावत आला. मुलगा चांगला आहे. मावशीला घेऊन जायचं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. पण त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, घरात लहान मूल. त्याने चाचरत सुचवलं, की डॉक्टरकडून एक इंजेक्शन देऊन...

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मी तिथेच बसले होते. म्हटलं, "मी नेते त्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दया आली म्हणून नेऊ नको. दया चार दिवस टिकते. हा अजून पुष्कळ जगेल. बाबांना विचार, शेरूला विचार, मग सांग."

बाबांनी आधी नाही म्हटलं. मग एके दिवशी ते स्वतःच काठी टेकत मॅडमच्या अंगणात आले, ब्रूनोकडे बघत बसून राहिले आणि घरी आल्यावर म्हणाले, "तो गॅलरीत राहील. माझ्या खोलीत नको." शेरूला मॅडमनी स्वतः विचारलं, दोघांना लांबून लांबून, समांतर चालायला लावून. पट्टे माझ्या आणि भाच्याच्या हातात देऊन त्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या.

भाच्याने त्यासाठी जाणं लांबवलं. मी कारखान्यातून सुटले की रोज तिकडे जाई. ब्रूनोला आता खुणांऐवजी शब्द शिकवायचे होते, आणि तेही माझ्या आवाजातले. मॅडम हात शालीखाली ठेवून बसत, म्हणजे त्याने तिकडे बघू नये. सुरुवातीला तो माझा शब्द ऐकून त्या शालीकडेच बघे. हळूहळू माझ्याकडे बघायला लागला. तो पहिल्यांदा माझ्या एका शब्दावर बसला तेव्हा मी आनंदाने मॅडमकडे वळले. त्यांनी मान भिंतीला टेकवली होती. "हं," म्हणाल्या. "आता मला जरा पाणी दे."

जायच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावलं. ब्रूनोचा पट्टा माझ्या हातात दिला. "त्याला फिरायला ने. नेहमीच्या रस्त्याने नको, पुलाकडून ने. आणि तिकडून तुझ्याच घरी जा, इकडे परत येऊ नकोस."

"निरोप नाही घ्यायचा?"

"त्याला निरोप कळत नाही गं. गाडीत बसलेली मी कळेल, मग तो गाडीमागे पळेल. चल, नीघ."

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. ब्रूनो फाटकापाशी थांबला, वळून पाहिलं. मी नाव घेतलं, तो आला.

पुढे फोन होत. त्यांचा आवाज आता इतका खाली गेला होता, की भाचा फोन धरून वाक्य पुन्हा सांगे. प्रश्न ठरलेले: खातो का, बाबांच्या खोलीत शिरला का. शिरला होता, बाबांच्याच पलंगाशेजारी झोपत होता. भेटायला आणू का, असं मी विचारलं की म्हणत, इतक्यात नको, आधी पक्का होऊ दे. मग एके दिवशी भाच्याचाच फोन आला, मावशी म्हणते आता आण.

मी आणि ब्रूनो भोपाळला गेलो. मॅडम खिडकीजवळच्या पलंगावर, खूप बारीक झालेल्या. ब्रूनो दारातच थबकला, हवा हुंगली आणि सरळ पलंगाशी गेला. त्यांनी त्याला बोलावलं नाही. त्याने त्यांचा हात बराच वेळ हुंगला, कोपरापर्यंत, गळ्यापर्यंत. मग हनुवटी पलंगाच्या कडेवर टेकवली. त्या डोळे मिटून तशाच पडून होत्या.

जरा वेळाने ब्रूनो वळला, खोली ओलांडून माझ्याकडे आला आणि माझ्या पायाशी बसला. मला ओशाळल्यासारखं झालं. त्याला परत त्यांच्याकडे पाठवायला मी वाकले.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. इतकं हळू, की मला जवळ जावं लागलं. "कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आपणहून तुझ्याकडे गेला."

मग त्यांनी भाच्याला पडदा ओढायला सांगितला. "झालं गं माझं काम," म्हणाल्या. "आता मला झोपू द्या."