चुन्याच्या रेघेला हळदकुंकू

मंडळी, आज सकाळी आमच्या प्रकाशा गावात गोऱ्या साहेबाच्या मोजणीदाराने तापीकाठच्या देवळावर डोक्याच्याही वर चुन्याची रेघ ओढली. पूर जिथवर चढतो तिथे आमच्या बायका हळदकुंकू वाहून तापीला परत पाठवतात. पाटलांच्या आईने, येसूबाईंनी, पुराची खूण समजून या रेघेलाही ते वाहिलं.

रेघ कसली, असं पाटलांनी विचारलं. मोजणीदार ‘सबमर्ज्ड’ म्हणाला आणि टांग्यात बसला. इंग्रजी अर्थासाठी बोलावणं आलं मला, संस्कृतवाल्याला.

कोश चाळून म्हटलं, “जलमग्न. बुडालेल्या गलबताला, पाण्याखालच्या खडकाला हा शब्द लावतात.”

इतका देखणा शब्द देऊनही कोणी खूश झालं नाही.

“भटजी, देऊळ त कोरडं शे,” पाटील म्हणाले. “पानी इतलं वर मन्हा आजानी बी नही देखं.”

“म्हणजे अजून यायचंय.”

“मंग कोन आननार शे?”

नदीवर कोणीच संशय घेतला नाही; सगळे टांगा गेला त्या वाटेकडे पाहत होते.

येसूबाई म्हणाल्या, “मंग मी आज कोनी पूजा करी?”

पूजा कोणाची झाली, हे मी कोशात शोधू लागलो. त्यांनी पदराने कुंकू पुसलं. रेघ राहिली.

तुमच्या गावात अशी रेघ कोणी ओढली आहे का? ओढताना त्याने तुम्हाला काय सांगितलं?