सोपानरावांचं मोठं कार्ड

सोपानराव माझ्या दुकानात एकदम कधीच येत नाहीत. आधी बाहेर उभं राहून आत कोण बसलंय, माझ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, हे न्याहाळतात. मग आत येऊन स्टूल भिंतीला टेकवतात, म्हणजे मागून कोणी डोकवायला नको. मी बाहेरचा, केजकडचा. निघोज्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली, पण मी स्क्रू काढायला लागलो की माझ्या बोटांवरची नजर न हलवणारा हा एकच.

माणूस मूळचा वाईट नाही. जमिनी कंपन्यांत गेल्या तेव्हा दलालांनी आणि भाऊबंदांनी त्यांना जे सांगितलं, त्यातलं निम्मं खोटं निघालं. तेव्हापासून त्यांनी दोन सवयी लावून घेतल्या. आलेला प्रत्येक फोन रेकॉर्ड करायचा. आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी फोनचं मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढायची.

"नवे फोन आयकत्यात," ते सांगतात. "त्येंची बॅटरी निघत न्हाई, ती उगाच व्हय?"

म्हणून त्यांचा फोन जुनाच. त्याचं कव्हरसुद्धा आता बाजारात मिळत नाही.

रेकॉर्डिंग साठून साठून त्यातलं छोटं मेमरी कार्ड भरलं. पुसायला मन धजेना. मग एके दिवशी मला म्हणाले, "सगळ्यात मोठं कार्ड दे."

"नाना, या फोनला बत्तीस जीबीपर्यंतच चालतं. त्याच्यावरचं कधी चालतं, कधी दगा देतं. बत्तीसचंच घ्या."

"बत्तीसचा माल पडून हाय वाटतं तुझ्याकडं?"

असा राग आला मला! एकशे अठ्ठावीसचं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, आता मला पुन्हा विचारू नका. फोनने ते फॉरमॅट करायला मागितलं, केलं, आणि कार्ड चक्क चालायला लागलं. मग काय, जाता-येता ऐकवायचे, "चालतंय की रं तुझं न चालनारं कार्ड."

जुन्या कार्डातलं नव्यात घालायचं काम त्यांच्या सुनेने केलं. स्वरूपा तळेगावच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे. तिने सगळं आधी आपल्या लॅपटॉपवर घेतलं, मग नव्या कार्डात टाकलं. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसलेले. काम संपल्यावर म्हणाले, "आता तुझ्यातलं पूस. पुसून दाखव." तिने पुसून दाखवलं. मग ते जुनं कार्ड घेऊन माझ्याकडे आले, चंचीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तसं ते कार्ड माझ्यासमोर कातरून टाकलं.

"आता न्या म्हनावं, कुनाला न्यायचंय त्ये."

रेकॉर्डिंगच्या त्या सगळ्या ढिगात त्यांच्या जिवाचं असं एकच होतं, पाखऱ्याचा व्हिडिओ. पाखऱ्या त्यांचा शर्यतीचा बैल. तो म्हातारा होऊन गेला. शर्यतीतले त्याचे व्हिडिओ गावात कोणाकडेही मिळतील, पण हा घरचा होता, जमीन अजून ताब्यात होती तेव्हाचा. सोपानराव बांधावरून हाक मारतात. लांबून मोकळा बैल चालत येतो, दोर नाही की काही नाही, आणि फोनलाच चाटतो. शेवटी नुसती जीभ दिसते आणि सोपानरावांचं हसणं ऐकू येतं. आज त्या बांधावर गोदामाची भिंत आहे. माझ्या स्टुलावर बसून ते तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचे, पण पाठवला मात्र कोणालाच नाही. लोक त्यात कायबाय घालतील म्हणून.

एवढं मोठं कार्ड आल्यावर ते चोरीला जाईल ही नवी धास्ती लागली. रोज संध्याकाळी कार्ड काढून चंचीत, सकाळी पुन्हा फोनमध्ये. तेही फोन चालू असतानाच ओढायचे. असं करू नका म्हणून सांगायला गेलो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा हातातल्या कामाला लागलो.

आणि एका सकाळी फोनने सांगितलं, कार्ड कोरं आहे, फॉरमॅट करू का? मी कॉम्प्युटरला लावून होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. काही हाती लागलं नाही. जुन्या फोनला न पेलणारं कार्ड, त्यात ही रोजची ओढाओढ. कशाने गेलं ते देव जाणे.

"आपोआप कसं पुसंल?" सोपानराव म्हणाले. "पुसाय हात लागतोय."

हात कोणाचा, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये स्वरूपाच्या माहेरच्यांबद्दल काही बोलणं होतं म्हणे, म्हणून तिनेच पुसलं. तिच्या हातचा चहा बंद झाला. मुलगा सुजित दोघांच्या मध्ये नुसता उभा. शेवटी स्वरूपाने तळेगावात भाड्याची खोली बघितली. रविवारी सामान हलणार होतं.

त्याच्या आधी ती माझ्याकडे आली आणि एक पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. त्याला तिच्या कारखान्याचं नाव छापलेली निळी पट्टी लटकत होती.

"नवनाथभाऊ, यात पाखऱ्याचा व्हिडिओ आहे. तेव्हा सगळं पुसलं, पण तेवढा एक ठेवला होता मी."

"मग देऊन टाका की त्यांना!"

"कसा देऊ? म्हणतील, बघा, ठेवलाच होता ना चोरून. तुम्ही सांगा, कार्डातून निघाला. मी तर चाललेच आहे. त्यांना तेवढा तरी मिळू दे."

त्या क्षणी मला सोपानरावांचा असा संताप आला, की ते समोर असते तर तोंडाला येईल ते बोललो असतो. पण तिला शब्द दिला. व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर घेतला आणि त्यांना बोलावलं.

त्यांनी पाहिला. परत लावायला लावला. व्हिडिओतलं हसणं आलं तसे तेही हसले, डोळे पुसले. मग हळूच डोळे बारीक केले.

"बाकीचं?"

"बाकीचं नाही निघालं, नाना."

"यवढं सगळं गेलं, आन निघाला त्यो येकच. त्यो बी मला पायजे त्योच."

"नशीब म्हणायचं."

"नशीब," ते म्हणाले. त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. पेनड्राइव्ह काढायचा मी विसरलो होतो. निळी पट्टी तशीच लोंबत होती. आता या पोरीची शोभा होणार, आणि ती माझ्यामुळे.

सोपानरावांनी फोनचं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"मला समजलंय, ह्ये तिला कळता कामा न्हाई," ते म्हणाले. "लई वंगाळ बोललो रं मी तिला."

बॅटरी परत बसवली. तो जुना फोन सुरू व्हायला भरपूर वेळ घेतो. मग त्यांनी घरी फोन लावला.

"स्वरूपा, पाखऱ्या निघाला गं. कार्डातनंच निघाला. मीच वढलं व्हतं चालू फोनातनं, नवनाथ म्हनला. त्या खोलीवाल्याला न्हाई म्हनून सांग. आन चहा टाक, आलोच."

ते उठले. त्यांची सवय माहीत म्हणून मी विचारलं, "नाना, माझ्यातला पुसून दाखवू?"

दारात थांबले.

"नको. ऱ्हाऊ दे तुझ्याकडं बी. तिच्याकडं तर हायेच."