नस चोक झाली तेव्हा

ब्लड प्रेशर म्हातारपणी होतं, असं मला वाटायचं. तिशीही गाठली नव्हती, आणि गोळ्यांवर गोळ्या खाऊनही माझं प्रेशर उतरायला तयार नव्हतं. शेवटी सुरतच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं: डाव्या किडनीला रक्त नेणारी नस अरुंद झाली आहे, उघडली नाही तर किडनी सुकत जाईल. जांघेतून बारीक नळी आत घालायची, फुगा फुगवून नस रुंद करायची, चिरफाड नाही. हे ऐकून मला धीर यायला हवा होता. कसला धीर!

परतीच्या गाडीत वडील शेजारी होते. नवापूर आलं. मग आमच्या कळसाडीच्या केळीबागेतलं शहाणपण त्यांना सुचलं.

"आपली ड्रिप चोक व्हस ना, तशीच शे ही. ॲसिड सोडतीन, मोकयी व्हई जाई."

"आबा, मी काय ड्रिपनी नयी शे का?" मी खेकसले.

खेकसले खरी, पण केळीच्या ठिबकची तुंबलेली नळी साफ करायचं ते ॲसिड माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

सुरतला नस उघडायच्या दिवशी भूल दिली ती जांघेपुरतीच. टेबलावर मी टक्क जागी. डॉक्टर म्हणाले, "आता औषध सोडतो, थोडं गरम वाटेल." थोडं? पोटातून मांड्यांपर्यंत असा भडका उतरला की मी ओरडले, "ॲसिड नका सोडू!"

सिस्टर आमच्या खानदेशातलीच निघाली. तिने माझा खांदा दाबून धरला. "हालू नको ताई. नस दिसाले पाहिजे म्हनीसन रंग सोडेल शे."

रंगच तो. तरी मी रडत होते, आणि अंग हलू नये म्हणून श्वास धरत होते. फुगा फुगला तशी कमरेत कळ आली. वाटलं, नस फाटली. किडनी गेली, असंच मी धरून चालले.

मग डॉक्टर म्हणाले, "उघडली."

मला बाहेर आणलं तेव्हा आबा भिंतीला टेकून उभे होते, ओठ कोरडे पडलेले. सिस्टरने त्यांना चहा घेऊन यायला सांगितलं. ते हलले नाहीत.

"नस उघडनी ना? पक्कं?"

ती हो म्हणाली.

"मंग पेस आते चहा," ते म्हणाले. "सकायपासून पानीबी पिधं नही मी. नही उघडती तं पोरले देवाले मन्ही किडनी काढनी पडती ना, त्याले उपाशीपोटी लागस."