आक्काच्या लेखाचा पत्ता

मी बीदरच्या मैलूर भागात राहते, शाळेत मराठी शिकवते आणि आमच्या सीमेवरच्या बोलीबद्दल ब्लॉग लिहिते. मराठी मथळ्याच्या लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांचा चार ओळी कचरा उमटायचा. लोकांना वाटायचं, फसवाफसवी आहे. कुणी बोट लावायचं नाही. म्हणून गुलबर्ग्याच्या एका वेबसाइटवाल्याला मी म्हटलं, लिंकचे पत्ते आखूड करा, वाचता येतील आणि शोधल्यावर सापडतील असे. थोड्याच दिवसांत काम झाल्याचं त्यानं कळवलं.

त्याच महिन्यात आळंदच्या आक्का वारल्या. त्यांच्या ओसरीवर बसून मी तूर भरडण्याच्या त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या होत्या. लेखाचं नाव 'आक्काचं जातं'. तेराव्याला पाहुणे जमले, तेव्हा नातीनं सगळ्यांना जपून ठेवलेली लिंक पाठवली. उघडलं तर, पान सापडत नाही.

तिचा फोन आला. "मावशी, आज्जीचं लिहिलेलं कामून काढून टाकलात? आमचं काही चुकलं का?"

"काढलं न्हाई गं," मी म्हणत राहिले. तिला पटलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गुलबर्ग्याला गेले. वेबसाइटवाला खुशीत होता.

"बघा की मॅडम, किती स्वच्छ पत्ता झालाय!"

आक्काच्या लेखाचा पत्ता इंग्रजीत होता: सिस्टर गोज. भाषांतर करणाऱ्या मशीननं आक्काला बहीण केलं होतं आणि दळायच्या जात्याचं जाणं.

"वाचलात का तुम्ही हे?"

"दीडशे लेख कोण वाचतंय मॅडम? अन् मराठीत शोधतंय तरी कोण?"

"आणि जुन्या लिंकवरून येणारा माणूस?"

"नवी पाठवा की सगळ्यांना."

माझं डोकं फिरलं. "सगळे म्हंजे कोण? कुणी कुठं जपून ठेवलंय, मला काय म्हाईत? घर बदललं तर माणूस जुन्या दाराला चिठ्ठी लावून जातंय. तुम्ही दारच काढून टाकलात!"

आवाज चढलेला ऐकून शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. मी थांबले नाही. वेबसाइटचा पासवर्ड घेतला आणि उठले. मला माझाही राग आला होता. काम झालं म्हटल्यावर एक तरी लिंक उघडून बघायची होती मी.

पुढचे पंधरा दिवस शाळा सुटली की मी तेच काम केलं. प्रत्येक लेखाच्या पत्त्यात, माणूस शोधताना टाइप करील असे दोन-तीन मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ. आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपसूक नव्यावर पोचेल अशी सोय. आक्काचा लेख सगळ्यात आधी केला.

नातीला कळवलं. तिचं उत्तर आलं, "उघडतंय आता. पण पाहुणे गेले मावशी."

 त्या वेबसाइटवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.