वहीत उतरवलेला भोंगा

काष्टीचा आसाराम नगरच्या भिमाजी मास्तरांच्या बँडात सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा. खालचा खर्ज धरणारा. वरातीत त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, पण तो थांबला की बाकीचा बँड उघडा पडायचा.

"पुन्याला गान्याच्या कालिजात जा, सर्टिफिकेट आन," मास्तर म्हणाले. "मग भोंग्याची जागा जल्मभर तुझी."

आसाराम भोळा सांब. त्रेचाळीस साली गेला. बायकोनं, राहीबाईनं, तीन वर्षं एकटीनं शेत ओढलं. कॉलेजात भोंग्याला कुणी विचारत नव्हतं; त्याला पेटीवर बसवलं. सूर कागदावर उतरवायला मात्र तो पक्का शिकला.

बँडवाल्यांची रीत जुनी. चाल कानानं उचलायची आणि चालीतली आपली खास जागा, सुराचं खास वळण, शेजाऱ्यालाही सांगायची नाही. त्या न सांगितलेल्या जागेवरच माणसाची भाकरी असते. शिकून आलेल्या आसारामला हा अडाणीपणा वाटला. मास्तर म्हणाले, "समदं लिहून काढ." त्यानं भोंग्याच्या चाळीस चाली वहीत उतरवल्या, श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा. वर मास्तरांच्या जावयाला, रंगनाथला, ती वही वाचायलाही शिकवलं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

लग्नसराई तोंडावर आली तसे मास्तर गोड बोलू लागले. "तू आता शिकलेला मानूस. नवरदेवाच्या घोड्यापुढं चालनं तुला शोभत न्हाई." भोंगा रंगनाथच्या खांद्यावर गेला. वही परत मागितली, तर म्हणाले, "ती बँडाची हाय." केसानं गळा कापला, तोही हसतमुखानं.

आसाराम घरी येऊन रडला. राहीबाई म्हणाली, "लिहून कशापायी दिलं?"

पुढच्याच महिन्यात काष्टीत वरात आली. बँड वेशीत थांबला. आपली चाल आपल्याच श्वासावर दुसरा वाजवतोय, हे आसारामनं गर्दीत उभं राहून ऐकलं. तेवढ्यात रंगनाथ वही घेऊन आला आणि पाया पडला.

"गुरुजी, म्होरल्या चालीतलं हे अक्षर लागंना. ह्यो सूर कोमल का शुद्ध?"

खोटं सांगितलं असतं, तर भर वरातीत मास्तरांची अब्रू गेली असती. आसारामनं वही हातात घेतली, पान नीट पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. त्या खरं सांगण्याचा त्याला मरेपर्यंत राग येत राहिला.