खिळा कोणाचा

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मी ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ अशी लाल चिठ्ठी चिकटवली, आणि दोन दिवसांनी कुही गावची बाई ती बाटली घेऊन दुकानात परत आली.

“का जी डाक्टर, आमच्या घरच्यायच्या छातीले चोळून राहिली मी तुमचं औषध. खोकला तसाच हाय, अन् वरून अंगाले मुंग्या लागल्या!”

गिऱ्हाइकं खदखदली. मीही हसलो असतो, पण समोर गादीवर आमचा शेठ होता. तेव्हा पुष्कळशी औषधं दुकानातच कालवून द्यावी लागत. कालवणारा मी, चिठ्ठ्या डकवणाराही मीच. बाईला नवी बाटली दिली, हात जोडले. ती गेल्यावर शेठनं तोंड उघडलं.

“कंपाउंडर, डोळे घरी ठेवून येता का गा?”

मी शिकलेला फार्मासिस्ट, पण तो मला मुद्दाम कंपाउंडर म्हणायचा.

“डोळे जागेवर आहेत, शेठ. पाय जागेवर नाहीत. सकाळपासून उभा आहे. एक स्टूल द्या.”

“बसलेला माणूस दिसला तं गिऱ्हाइकाले वाटते, दुकान चालत नाही.”

हे तो लोडाला टेकून बोलला. नागपूरचा मे महिना, दुकानात एकच कूलर, आणि त्याचं तोंड गादीकडे. माझ्या वाट्याला कूलरची फक्त घरघर.

घरी बायकोनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून यायलाच तयार नाही. तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल काढून दिलं. ते सायकलच्या कॅरिअरला बांधून मी असा ऐटीत निघालो, जणू गादीवर बसायलाच चाललोय.

सकाळभर मधूनमधून बसलो. पायांना विश्वासच बसेना. दुपारी घरी जेवून परत येतो तर स्टुलावर बाळांच्या दुधाच्या डब्यांचा मनोरा!

“मस्त आणला तुमी स्टूल,” शेठ म्हणाला. “डबे कसे उठून दिसून राहिले पाहा.”

मी डबे उतरवले. दुसऱ्या दिवशी परत मनोरा. मी परत उतरवले. तिसऱ्या दिवशी मनोऱ्यावर झिरमिळ्यासुद्धा! गिऱ्हाईक आलं की त्याच्यादेखत मला हुकूम व्हायचा, “कंपाउंडर, डबे पुसून घ्या.” आणि मी पुसायचो. माझ्या घरचं स्टूल, त्यावर त्याचा माल, आणि शेजारी फडकं घेऊन उभा मी. आमच्या खानदानात इतका शहाणा माणूस झाला नाही.

शेवटी एका संध्याकाळी पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले, तेव्हा म्हटलं, “शेठ, आजच ठरवा. स्टुलावर डबे तरी राहतील, नाहीतर मी.”

“डब्यायले पगार द्यावा लागत नाही,” तो म्हणाला.

मी गादीमागच्या भिंतीकडे वळलो. तिथं माझं सर्टिफिकेट फ्रेममध्ये टांगलेलं होतं. ते नसेल तर कायद्यानं दुकान चालवता येत नसे. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर मी त्याला हवा होतो. माणूस नको, फ्रेम हवी. मी हात वर केला तसा तो पहिल्यांदाच गादीवरून उठला.

“हात नका लावू! भिंत माझी हाय!”

“सर्टिफिकेट माझं आहे.”

“अन् खिळा? खिळा कोणाचा?”

वादात मी जन्मभर हरत आलोय, पण तेव्हा उत्तर हातातच सापडलं. फ्रेम काढली, मग खिळा हलवून हलवून उपटला. पोपडे शेठच्या पांढऱ्या गादीवर पडले. त्यांवरच खिळा ठेवून मी म्हटलं, “घ्या तुमचा माल.”

मागून शिव्या आल्या. हिंदीतून आल्या, म्हणजे मनापासून होत्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, दोन्ही आवाज काढून. खिळ्याचा भाग तर दोनदा सांगितला. तिनं तेलाची वाटी आणली, माझे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली.

“बरं केलं जी,” मग ती म्हणाली. “आता दोन दिवस पडून राहा. मग दुसऱ्या शेठच्या दारात नोकरीसाठी उभं राहावं लागन. त्या उभं राहण्याचा तं पगारही नाही.”